सावज लहान, फर्निचर मोठं: घरात राहणाऱ्या थोराड मांजरांची खेळणी

आमच्या बोक्याचं वजन साडेसात किलो आहे. तो लठ्ठ नाही, हाडापेरानेच थोराड आहे. तो दीड वर्षाचा असताना आम्ही त्याच्यासाठी मांजरांचा मनोरा आणला, मजल्यामजल्यांचा, वर मखमली कापड चढवलेला. खोक्यावर 'सर्व मांजरांसाठी' असं छापलं होतं. भोपळ्याने (हे बोक्याचं नाव) बुंध्याचा वास घेतला, दोन पावलं मागे गेला, ढुंगण हलवून नेम धरला आणि थेट तिसऱ्या मजल्यावर उडी घेतली. मनोरा त्याच्यासकट सोफ्यावर आडवा झाला. कुणाला लागलं नाही, पण पुढचे तीन महिने भोपळ्या त्या कोपऱ्यातून जाताना भिंतीला चिकटून जायचा.

त्यानंतर आम्ही उलटी चूक केली. बोका एवढा मोठा, तर खेळणीही मोठीच हवीत, या हिशेबाने सशाएवढा एक भरीव प्राणी आणला. भोपळ्या त्याच्याकडे लांबून बघायचा आणि पलंगाखाली जायचा. म्हणजे जिथे मोठं हवं तिथे आम्ही लहान आणलं, आणि लहान हवं तिथे मोठं. थोराड मांजर पाळणाऱ्या बऱ्याच घरांत मी हाच घोळ पाहिला आहे.

आधी थोराड म्हणायचं कुणाला? साधं घरगुती मांजर चार-पाच किलोचं असतं. मेन कून, नॉर्वेजियन फॉरेस्ट कॅट, सायबेरियन, रॅगडॉल या जातींचे बोके सहा-सात किलो सहज भरतात, मेन कून त्याहूनही जास्त. या जाती सावकाश वाढतात. मेन कूनची वाढ पुरी व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात, त्यामुळे पहिल्या वाढदिवसाच्या मापाने घेतलेली वस्तू पुढे अपुरी पडणारच. शिवाय निव्वळ वजनावरून काही कळत नाही. बरगड्यांवरून हलका हात फिरवा: न दाबता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिल्यावर कमरेला खाच दिसली पाहिजे. पशुवैद्य यासाठी ९ गुणांची पट्टी वापरतात, तीत ५ म्हणजे उत्तम. केसाळ जातींत डोळे फसतात, तेव्हा हातावरच विश्वास ठेवावा. तुमचं मांजर ८ गुणांवर असेल तर उड्या मारायला लावणाऱ्या खेळण्यांच्या आधी त्याच्या जेवणाचं बघा, नाहीतर सांध्यांवर भार येईल.

शिकारीची साखळी

मोठ्या वयाच्या मांजराचा वस्तूंशी चालणारा खेळ बराचसा शिकारीच्याच प्रेरणेवर चालतो. इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठात सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १९९८ मध्ये हे तपासलं. भुकेली मांजरं खेळण्यांवर जास्त जोमाने तुटून पडली, आणि एरवी ज्या मोठ्या खेळण्याला बिचकायची त्यालाही भिडली. पोट भरलेलं मांजर मोठ्या सावजाच्या वाटेला जात नाही, कारण मोठं सावज उलटून चावतं. भोपळ्या त्या सशाला का टाळत होता, हे मला तो अभ्यास वाचल्यावर कळलं.

शिकार म्हणजे एकच कृती नसते, ती एक साखळी असते. नजर लावणं, दबा धरून सरकणं, पाठलाग, झडप, पंजांत धरून ठेवणं, चावा, आणि शेवटी खाणं. एका उंदरातून साधारण ३० कॅलरी मिळतात आणि चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशेहून जास्त लागतात. म्हणजे रानात पोट भरायचं तर दिवसाला सात-आठ उंदीर हवेत, आणि प्रत्येक झडप काही यशस्वी होत नाही. त्या आयुष्यात जागेपणीचा मोठा भाग या कामात जातो. घरात मात्र वाटी समोर येते आणि दोन मिनिटांत रिकामी होते. साखळीचं शेवटचं टोक तेवढं उरतं. आधीच्या सगळ्या टप्प्यांची ऊर्जा मग पहाटे चार वाजता तुमच्या पायाच्या अंगठ्यावर निघते.

म्हणून खेळणं घेताना 'हे गोंडस आहे का' यापेक्षा 'हे साखळीतला कुठला टप्पा भरून काढतं' हा प्रश्न विचारावा. चेंडू पाठलागापुरता. काठीला दोरी आणि टोकाला पिसं असलेलं खेळणं दबा धरण्यापासून झडपेपर्यंत नेतं. लांबट, भरलेलं लोडासारखं खेळणं धरणं, चावणं आणि लाथा मारणं यासाठी. ज्यातून खाऊ खटपट करून काढावा लागतो ते भांडं शेवटच्या टप्प्यासाठी. घरात पंधरा चेंडू असले तरी साखळीची एकच कडी पंधरा वेळा घेतल्यासारखं होतं.

मेन कून असो नाहीतर अडीच किलोची बारकी मांजरी, सगळ्यांचा पूर्वज एकच: फेलिस लायबिका हे रानमांजर, मुख्यतः उंदरांवर जगणारं. बोक्याचं शरीर वाढलं म्हणून त्याच्या मनातलं सावज वाढलेलं नाही. तेव्हा पाठलागाची खेळणी उंदराच्या किंवा चिमणीच्या मापाचीच घ्यावीत. फक्त एक खबरदारी: थोराड बोक्याचा जबडाही थोराड असतो. खेळणं आख्खं तोंडात जाऊन जबडा मिटत असेल तर ते बाद. लहान मांजरासाठी सुरक्षित असलेला स्पंजाचा चेंडू त्याच्या घशात जाऊ शकतो.

आकाराच्या नियमाला अपवाद लाथांच्या लोडाचा. त्याला मांजर पुढच्या पायांनी मिठी मारतं, वरच्या टोकाला दात लावतं आणि मागच्या पायांनी खालचा भाग खरवडतं. लोड आखूड असेल तर मागचे पाय हवेत जातात आणि मग ते तुमच्या हातावर येतात. मांजर कुशीवर पडलेलं असताना छातीपासून मागच्या पंजापर्यंत माप घ्या, लोड तेवढा तरी हवा. भोपळ्याला ४५ सेंटीमीटरचा लागला. मिळाला नाही, तेव्हा जुन्या जाड मोज्यांत कापडाच्या चिंध्या भरून शिवला. शिवण दुहेरी घातली, कारण पहिला दोन दिवसांत फाडला होता.

खेळणं आवडेनासं का होतं

नवं खेळणं आणलं की पहिल्या दिवशी धुमाकूळ आणि चौथ्या दिवशी दुर्लक्ष. लोक म्हणतात, मांजर लहरी आहे. ब्रॅडशॉ यांच्याच गटाने २००२ मध्ये याचा छडा लावला. तेच खेळणं लागोपाठ तीनदा दिलं की मांजरांचा रस आटला, पण लगेच रंग आणि वास वेगळा असलेलं दुसरं दिलं की ती पुन्हा पेटून उठली. त्यांनी लावलेला अर्थ मला पटतो. खऱ्या सावजावर पंजा पडला की त्यात बदल होतो. पिसं उडतात, कातडी फाटते. दहा वेळा मारूनही जी वस्तू जशीच्या तशी राहते तिच्यावर शक्ती खर्च करण्यात शिकाऱ्याला काय फायदा? मांजर कंटाळलेलं नसतं, त्याने हिशेब करून नाद सोडलेला असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सगळी खेळणी एकदम जमिनीवर पसरून ठेवू नयेत. तीन-चार बाहेर, बाकीची झाकणाच्या डब्यात, आणि दर काही दिवसांनी अदलाबदल. आमच्या डब्यात कॅटनिपचा (मांजरांना वासाने भुलवणारी एक वनस्पती) एक जुना तुकडा पडलेला असतो, त्यामुळे बाहेर येणाऱ्या खेळण्याला वासही नवा लागतो. दुसरी गोष्ट जरा अडचणीची आहे: जे फाटतं, सुटतं, तुटतं, तेच सर्वांत मजेचं असतं, आणि धोकाही त्याच्यातच असतो. कागदाचा बोळा, पुठ्ठ्याचा तुकडा, भरपूर फाटणारा साधा कागद ही हौस स्वस्तात भागवतात.

काठी कशी हलवावी

सगळ्या खेळण्यांत मला काठी-दोरी श्रेष्ठ वाटते, पण निम्मे लोक ती चुकीची हलवतात. मांजराच्या नाकासमोर पिसं नाचवायची आणि 'बघ, बघ' म्हणायचं. उंदीर कधी मांजराच्या तोंडावर येऊन नाचत नाही. शिवाय मांजराला साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं नीट दिसत नाही, तिथे मिश्या काम करतात. त्याची नजर बसते ती काही मीटरवर आडव्या सरकणाऱ्या वस्तूवर.

म्हणून पिसं मांजरापासून दूर न्या. जमिनीलगत ओढा, थांबा, सोफ्याच्या पायाआड अर्धी लपवा, टोक जरासं थरथरवा. आता भोपळ्याकडे बघा: बुबुळं मोठी, कान पुढे, हनुवटी जमिनीला, खांदे वर. तो तसाच पूर्ण मिनिटभर पडून राहतो. पाहुण्यांना वाटतं, खेळत नाहीये. तो खेळतोच आहे, साखळीतल्या दुसऱ्या कडीवर आहे. मोठ्या मांजरांचा दबा लांब आणि पाठलाग आखूड असतो, हे माझं घरच्या अनुभवावरून झालेलं मत, पण त्या मिनिटात काठी हलवत राहिलात तर झडप कधीच येत नाही. झडप आली की पकडू द्या. चार-पाच झडपांत दोन-तीन तरी यशस्वी व्हाव्यात. शेवटी काठी हळूहळू मंद करा, दमलेल्या सावजासारखी, शेवटचा पंजा पडू द्या आणि लगेच जेवण वाढा. साखळी पुरी झाली की मांजर अंग चाटतं आणि झोपतं.

एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरतात. मांजरं मुळात पहाटे आणि संध्याकाळी तल्लख असतात, त्या वेळा साधाव्यात. एवढ्याशा खेळाने काही होतं का? एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी रोज ५ ते १० मिनिटं असा खेळ केल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली. शिकारीची भूक खेळाने काही अंशी भागते, याचा हा चांगला पुरावा.

थोराड मांजराबाबत एक गोष्ट मात्र काटेकोर पाळावी: काठी उंच नेऊन हवेत गिरक्या घ्यायला लावू नका. सात किलोचं शरीर गुळगुळीत फरशीवर उतरताना जो धक्का बसतो तो खुब्यांवर येतो, आणि मेन कून जातीत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. खेळाच्या जागी जाड सतरंजी अंथरावी. त्याच जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजारही आहे, त्यामागचा एक जनुकीय बदल २००५ मध्ये सापडला. खेळताना मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर 'दमलं बिचारं' म्हणून सोडून देऊ नका. खेळ थांबवा आणि पशुवैद्यांना दाखवा.

लेझरच्या ठिपक्याबद्दल थोडक्यात. त्यात पाठलाग आहे आणि पकडणं कधीच नाही. २०२१ मधल्या एका सर्वेक्षणात लेझर जास्त वापरणाऱ्या घरांत सावल्यांमागे धावणं, ठरावीक वस्तूचा ध्यास घेणं अशा लकबी जास्त नोंदल्या गेल्या. लेझरमुळेच त्या होतात हे त्यावरून सिद्ध होत नाही, पण मी तो वापरणं सोडलं. वापरायचाच असेल तर डोळ्यांवर पडू देऊ नका आणि ठिपका शेवटी एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर नेऊन विझवा.

खटपटीचा खाऊ

खटपट करून खाऊ काढण्याची भांडी चांगली, पण मांजर त्यांच्यावर आनंदाने उडी घेईल अशी अपेक्षा ठेवू नये. उंदरांपासून अस्वलांपर्यंत अनेक प्राणी फुकटचं अन्न समोर असतानाही काम करून मिळवलेलं खाणं पसंत करतात. मांजरं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १७ मांजरांवर हे पाहिलं, आणि बहुतेकांनी सरळ ताटातलंच खाल्लं. म्हणून सुरुवात लाजिरवाणी सोपी हवी. उथळ खोके, वर चार-पाच दाणे, बस. मग हळूहळू अवघड करा.

थोराड मांजराचं भांडं घेताना आपली तीन बोटं जोडून भोकात घालून बघावीत. बोटं अडकली तर त्याचा पंजाही अडकणार, आणि एकदा पंजा अडकून घाबरलेलं मांजर त्या भांड्याकडे पुन्हा फिरकत नाही. भांडं जडही हवं. आमच्याकडचं पहिलं भांडं भोपळ्याने सोडवलं नाही, सरळ उलटं केलं.

वासाचं

कॅटनिपचा असर सगळ्यांवर होत नाही. साधारण एक तृतीयांश मांजरांना काहीच वाटत नाही, ते आनुवंशिक आहे, आणि लहान पिल्लांवर तर होतच नाही. अशांना सिल्व्हर व्हाइन ही तशाच असराची एक वेल देऊन पाहावी. २०१७ च्या एका अभ्यासात १०० मांजरांपैकी जवळजवळ ८० त्याने मोहरली, आणि कॅटनिपला दाद न देणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना ती भावली. जपानी संशोधकांनी २०२१ मध्ये असंही दाखवलं की या पानांत लोळल्याने अंगाला लागणारं द्रव्य डासांना दूर ठेवतं. म्हणजे ते लोळणं अगदीच चैनीपुरतं नसावं.

आता फर्निचर

मनोरा का पडला? उडीचा धक्का किती जोराचा हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो किती उंचावर बसतो हेही. चार किलोच्या जागी साडेसात किलो आले की धक्का दुपटीच्या जवळ जातो, आणि तोच तिसऱ्या मजल्यावर आडवा बसला तर अख्खा मनोरा तळाच्या कडेवर कलंडतो. तळ रुंद आणि जड असेल तर तो सावरतो. विकत घेण्याआधी सर्वांत वरची फळी धरून आडवी रेटून बघा. डुगडुगली तर घेऊ नका. आणि कितीही दणकट असला तरी वरचं टोक भिंतीला पट्टीने ठोकाच. आम्ही ते आधी केलं असतं तर तीन महिने वाचले असते, कारण पायाखालची वस्तू एकदा हलली की मांजर तिला लवकर माफ करत नाही.

फळ्यांचं मापही बघायला हवं. थोराड बोका अंगाचं मुटकुळं करून झोपतो तेव्हा मावतो, पण पाय ताणून लोळला की निम्मा बाहेर लटकतो. लोळलेल्या अवस्थेतलं माप घ्या. मधल्या पायऱ्या जवळजवळ असाव्यात. वर चढायला तो एका झेपेत जाईल, पण उतरताना पायऱ्या नसतील तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो.

नखं घासायचा खांब हा मनोऱ्याहूनही महत्त्वाचा, आणि बाजारात मिळणारे बहुतेक खांब थोराड मांजराला बुटके पडतात. नखं घासताना मांजर नुसती नखं घासत नाही. ते पाठीचा कणा पूर्ण ताणतं, पंजांतला वास मागे ठेवतं. भिंतीशी मागच्या पायांवर उभं राहून ते कुठवर पोचतं तिथे पेन्सिलने खूण करा. आमची खूण ९५ सेंटीमीटरवर आली, म्हणून खांब एक मीटरचा घेतला. वर घायपाताची दोरी घट्ट गुंडाळलेली असावी आणि खांब हलता कामा नये. सोफ्याची बाजू मांजराला इतकी का आवडते याचं उत्तर साधं आहे: सोफा हलत नाही.

पळायचं चाक घ्यायचं असेल तर धावताना मांजराची पाठ सपाट राहते का एवढं बघा. पाठ धनुष्यासारखी वाकली तर चाक लहान आहे. खिडकीत बसायची जागा केली तर जाळी त्याच्या वजनाने झोकून दिलेल्या अंगाला टिकेल अशीच हवी, साधी डासांची जाळी नव्हे. आणि पुठ्ठ्याचं खोकं दिसायला क्षुल्लक असलं तरी नव्या जागी आलेल्या मांजरांना लपायला खोकं दिल्यावर सुरुवातीचे दिवस त्यांचा ताण कमी राहतो, हे २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात दिसून आलं आहे.

दोऱ्याबद्दल मात्र सविस्तर सांगते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. दोरा, रिबीन, लोकर, केसांचं रबर एकदा जिभेवर आलं की ते थुंकता येत नाही, आत सरकतच जातं. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि चिरू शकतं. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, थेट दवाखाना गाठा. काठी-दोरी खेळ संपला की कपाटात, कडी लावून. कपाटाचं साधं दार थोराड बोका पंजाने उघडतो. चिकटवलेले डोळे, घुंगरं, चमकी आणि बटणासारखा सेल घातलेली खेळणी घरात आणण्याआधीच नखाने ओढून तपासा.

भोपळ्या आता अकरा वर्षांचा आहे. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या एक्स-रेंत नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती, तो अभ्यास २००२ चा. मांजरं लंगडत नाहीत, नुसतं चढणं कमी करतात. त्यामुळे मनोऱ्याला आता कडेने उतार जोडला आहे आणि खांबाशेजारी जमिनीवर एक आडवा पुठ्ठा ठेवला आहे, उभं न राहता नखं घासायला. काठी तो पडल्या पडल्या खेळतो. पिसं सोफ्याच्या पायाआड गेली की कान पुढे येतात, बुबुळं पसरतात, आणि पंजा एकदाच, नेम धरून पडतो.